सतारमेकर गल्लीत घडलेली पिस्तुलाची मूठ

चाळिसाव्या शॉटनंतर माझी करंगळी बधिर व्हायची. दहा मीटर एअर पिस्तुलात महिलांनाही पुरुषांसारखे 60 शॉट आले ते 2018 पासून. त्याआधी आमची मॅच 40 शॉटची. मी त्या चाळीस शॉटच्या काळातली. तेव्हा हात दुखतोय हे घरी गेल्यावर कळायचं. आता ते पाचव्या सिरीजला (दहा शॉटची एक सिरीज), लेनवर उभी असतानाच कळायला लागलं, आणि शेवटच्या दोन सिरीज 90 च्या खाली जाऊ लागल्या.

पिस्तूल सेकंडहँड घेतलेलं, स्टायरचं एलपी-10. त्यात खोट काही नव्हती. मूठ कंपनीतून आली तशीच, अक्रोडाच्या लाकडाची, मधल्या मापाची. माझा पंजा लहान. पण "आपला स्टॅमिना कमी पडतो" असं धरून मी वर्षभर दंडाचे व्यायाम करत बसले.

शेवटी आमच्या कोच सरांनी एक दिवस सांगितलं, "हात खाली घे, डोळे मीट, पिस्तूल वर उचल, मग डोळे उघड." उघडले, तर पुढची साइट, म्हणजे नेम धरायची नळीच्या टोकाची खूण, मागच्या साइटच्या खाचेत मधोमध नाही, डावीकडे कललेली. दहा वेळा केलं, दहाही वेळा डावीकडेच. म्हणजे प्रत्येक शॉटला मी मनगट उजवीकडे दाबून ती मधे आणत होते, आणि मला ते माहीतच नव्हतं. दोन साइटमधलं अंतर साधारण 35 सेंटिमीटर. पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ तीन सेंटिमीटर सरकतो, दहाचा सात होतो. दहाचं वर्तुळ असतं 11.5 मिलिमीटरचं, शर्टाच्या गुंडीएवढं. थकलेल्या मनगटाने ते कितीदा सापडणार?

मग मी घरीच कामाला लागले. तळव्याला ओलं कुंकू लावायचं, मूठ घट्ट धरायची, सोडायची. लाल डाग उमटेल तिथे लाकूड जास्त टेकतंय, तिथे पॉलिश पेपर मारायचा. जिथे पोकळी, तिथे एम-सील. चार रात्री हेच. सासूबाईंनी देव्हाऱ्यातला करंडा रिकामा बघितला आणि काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं. तळव्याखालच्या आडव्या फळीला, जिला आम्ही पाम शेल्फ म्हणतो, मी एम-सीलची छान कड उचलून दिली. हात त्यात बशीत बसावा तसा बसला. मी खूश.

पुण्याच्या स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे मॅचआधी पिस्तूल तपासतात त्या टेबलावर ती खुशी दोन मिनिटं टिकली. पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं. बसलं, पण एम-सील घासत. वजन दीड किलोच्या आत, ठीक. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षांच्या आत, तेही ठीक. ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात, ते ट्रिगर न सुटता उचललं जायला हवं. तीन संधी असतात. माझं पहिल्या दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा राहिलं. घरी पाण्याची बाटली लटकवून ट्रिगर नेमका 500 वर लावल्याचं फळ. आणि मग तपासणाऱ्या बाईंनी पाम शेल्फवर बोट ठेवलं. शेल्फला वरच्या बाजूला वळण चालत नाही. नियम पुस्तकात होता, मी वाचलाही होता. फक्त तो माझ्या बशीला लागू होतो असं वाटलं नव्हतं. पार्किंगमध्ये बसून, मैत्रिणीकडून मागितलेल्या कानशीने ती कड सपाट केली. पुन्हा तपासणी, पास, आणि 600 पैकी 531. एवढा वाईट स्कोअर आधीच्या तीन वर्षांत नव्हता.

मिरजेला परतल्यावर मूठ पिस्तुलापासून सोडवली आणि फक्त तेवढीच पिशवीत घालून सतारमेकर गल्लीत गेले. तंबोरे करणारे चाचा वडिलांच्या ओळखीचे. दुकानात भोपळे टांगलेले, जमिनीवर भुसा. त्यांनी मूठ हातात फिरवली, एम-सीलवर नख मारलं. "हे कुणी केलं?" मी गप्प. "पिस्तुलाची आहे?" म्हटलं, हो, छऱ्याचं, खेळातलं, परवाना लागत नाही. ते हसले. "लागला असता तरी काय! आमचे बापजादे शिकलगार, तलवारींना पाणी द्यायचे. सतारी मागनं आल्या." खरंच आहे ते; मिरजेतली वाद्यं घडवणारी घराणी मुळात हत्यारांच्या कामातली.

त्यांनी आधी माझं सगळं एम-सील उकरून काढलं. कुंकवाची युक्ती मात्र आवडली, फक्त कुंकवाऐवजी खडूची पूड घेतली. माझ्याकडून मूठ धरवायची, बघायची, एक-दोन हात कानस, की थांबायचं. मला वाटायचं, अजून थोडं काढा की. ते म्हणायचे, "जवारी लावताना असंच असतं ताई, एक हात जास्त फिरला की घोडी फेकायची." (जवारी म्हणजे तारा टेकतात त्या घोडीची घासून जुळवलेली पाठ.) शनिवारी दोन तास, पुढच्या शनिवारी दोन तास, असे पाच शनिवार. मधल्या दिवसांत घरी मूठ लावून डोळे मिटायचे, उघडायचे आणि साइट कुठे येते ते वहीत लिहायचं. तळव्याकडची बाजू पातळ झाली, करंगळीची खाच खोल झाली, शेल्फ सपाटच राहिलं पण दोन मिलिमीटर वर सरकलं. चौथ्या शनिवारनंतर डोळे उघडले तर साइट मधोमध. मी पुन्हा मिटून पाहिले.

स्कोअर लगेच वाढला म्हणाल तर नाही. उलट महिनाभर छर्रे उजवीकडे जात राहिले, कारण मनगट जुन्या सवयीने दाबतच होतं. साइटचे क्लिक फिरवून शॉट मधे आणायचा मोह रोज व्हायचा. सरांनी साइटचा स्क्रूड्रायव्हरच काढून घेतला. छर्रा न भरता ड्राय प्रॅक्टिस, समोर कोरी भिंत, रोज अर्धा तास. हळूहळू मनगट सुटलं. ट्रिगर आता 520 ग्रॅमवर ठेवते. वीस ग्रॅमने माझा दहा जात नाही, पण टेबलासमोरची धडधड जाते.

पुढच्या स्पर्धेत 553. शेवटची सिरीज 93, आणि करंगळी शाबूत.

चाचांनी पैसे किती घेतले ते सांगत नाही, ते रागावतील. यंदाच्या पावसात लाकूड फुगलंय बहुतेक, खाचेची कड पुन्हा करंगळीला लागते. फोन केला तर म्हणाले, तंबोऱ्यांची रांग लागलीय, दिवाळीनंतर ये. आणि तोवर पॉलिश पेपरला हात लावू नकोस.