हात धर
“बाळा, मला हे वाचता येत नाहीये. हात धर.”

आमच्या सेवा क्लबच्या आजच्या नेत्रतपासणी शिबिरात एक आजी म्हणाल्या. डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले, हातातली चिठ्ठी उलटी. आणि मी त्यांना सांगत होते, “चिठ्ठीवर लिहिलंय बघा, खोली तीन.”

चिठ्ठ्या काल रात्री मीच लिहिल्या होत्या, अगदी सुवाच्य. थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं, हे ठाऊक असूनही सुचलं नाही. फार लागलं मनाला.

क्लबातले सगळ्यात ज्येष्ठ काका उठले, आजींचा हात धरून गप्पा मारत त्यांना खोलीपर्यंत घेऊन गेले. मग दुपारभर आम्ही चौघं तेच करत होतो. बैठकीत ज्यांच्याशी नमस्कारापलीकडे बोलणं होत नाही, त्यांच्याशी आज त्या बोळात खरी ओळख झाली.

१९२५ साली, स्वतः पाहू आणि ऐकू न शकणाऱ्या लेखिका हेलन केलर यांनी लायन्स या सेवा क्लबांच्या संघटनेच्या अधिवेशनात दृष्टिहीनांसाठी पुढे या, असं आवाहन केलं होतं. तेव्हापासून कितीतरी सेवा क्लब डोळ्यांचं काम मनापासून करत आलेत.

संध्याकाळी अहवाल भरायला बसले. तपासणी किती, चष्मे किती, शस्त्रक्रियेसाठी नावं किती.

हात किती जणांचे धरले, ते कुठल्या रकान्यात लिहू?