ताटाचा भाव अन् कापसाचा भाव

केटररने फोनवर "साडेचारशे पर प्लेट" सांगितलं तेव्हा स्पीकर चालू होता आणि बाबा बाजूलाच बसून होते. "एका मानसाच्या जेवनाले साडेचारशे?" एवढंच विचारलं त्यांनी आणि दुपट्टा उचलून वावरात निघून गेले. मला लय वाईट वाटलं त्या दिवशी.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. कापूस, तूर, सोयाबीन, त्याच्या पलीकडे पैसा नाही. बहिणीचं लग्न जमलं नागपूरला, पोराकडच्यांनी सांगितलं की लग्न नागपुरातच लॉनवर करू, लॉनचं भाडं आम्ही देतो, जेवण तुमच्याकडे. बाबा हो म्हणून आले. गावात जेवण म्हणजे आचारी सांगायचा, किराणा आणायचा, शेजारपाजारच्या बाया पोळ्यांना येतात, हाच हिशेब त्यांच्या डोक्यात.

रात्री वही घेऊन बसलो. ४०० ताटं गुणिले ४५०, झाले १,८०,०००, वरून ५ टक्के जीएसटी, म्हणजे १,८९,०००. (एका मोठ्या हॉटेलातही विचारून पाहिलं होतं, तिथं तर जीएसटीच १८ टक्के.) २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, पण सीसीआयला (सरकारी कापूस खरेदीवाले) पूर्ण भावासाठी ओलावा ८ टक्क्यांच्या आत लागतो आणि १२ च्या वर गेला की घेतच नाहीत, आणि आमचा पहिला वेचा पावसात सापडलेला, तो व्यापाऱ्याला ७,००० नेच द्यावा लागला. त्या भावाने एका दिवसाचं जेवण म्हणजे २७ क्विंटल कापूस. आमच्या कोरडवाहू वावरात एकरी पाच क्विंटल झाला तरी पाच एकराच्या वर झालं, आणि त्यात बियाणं, फवारणी, वेचणी धरलीच नाही. तेव्हापासून मी नागपुरातल्या प्रत्येक रेटचे आधी क्विंटल करायला लागलो.

हा साडेचारशेचा रेटही आधी मेनू कापूनच आलेला होता. पहिल्या यादीत वेलकम ड्रिंक दोन, स्टार्टर चार, चायनीज काउंटर, पास्ता काउंटर, चाट, तीन गोड, असं सगळं होतं आणि रेट होता ६२०. चायनीज, पास्ता काढलं, स्टार्टरमध्ये एक सांबारवडी (कोथिंबिरीची) ठेवली, पनीर टिक्का काढला, गोडात बुंदी आणि जिलेबी, बाकी आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, कढी, मठ्ठा. तिथून तो ४५० वर आला. कोणी नाव ठेवलं नाही. उलट सांबारवडीच्या काउंटरवर शेवटपर्यंत लाइन होती, आमच्या व्याहींनी दोनदा घेतली.

माणसं किती, हा प्रश्न त्याहून अवघड. गावात आवतन दिलं की पूर्ण घर येते, मोजायचं कोण? मग एक युक्ती केली, एसटीच्या दोन गाड्या प्रासंगिक करारावर घेतल्या आणि ठरवलं की गावातून गाड्यांत बसतील तेवढीच माणसं. तो आकडा धरून आमच्याकडचे १८०, त्यांच्याकडचे २००. केटररला गॅरंटी ४०० ची दिली. केटररला गॅरंटीपेक्षा कमी आले तरी पैसे तेवढेच द्यावे लागतात आणि जास्त आले तर वाढीव ताटं लागतात, त्यामुळे मला वाटलं २० चा हात ठेवला म्हणजे झालं.

झालं नाही. रात्री साडेदहाला लॉनच्या मागे, जिथं भांडी घासतात तिथं, केटररचा माणूस डायरी घेऊन उभा, म्हणे ४६३ प्लेटा झाल्या. ६३ वाढीव, म्हणजे २८,३५० आणि वरून जीएसटी. माझ्या हातापायातलं बळच गेलं. मामा काही बोलले नाही, बाह्या वर केल्या आणि उष्ट्या ताटांजवळ बसून पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या लावायला लागले. ४६३ च निघाल्या, आकडा खोटा नव्हता. पण मोजलं होतं ताट, माणूस नाही. कोणी सांबारवडी एका ताटात खाऊन ठेवून दिली आणि जेवायला दुसरं घेतलं, पोरांनी नुसत्या जिलेबीला ताट घेतलं, आणि बँडवाले, फोटोवाले, दोन्ही एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर हे तर मी यादीत धरलेच नव्हते. अर्धा तास बोलणं झालं. शेवटी ३० ताटांवर मिटलं, १४,१७५ रुपये. दोन क्विंटल कापूस.

म्हणून गावाकडून शहरात लग्न करणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, रेटवर घासाघीस करायच्या आधी हे विचारा की मोजणार काय, ताट की माणूस, आणि मोजताना आपला कोण उभा राहणार. स्टार्टर, गोड हे छोट्या डिशमध्ये द्यायला लावा, मोठ्या ताटांचीच मोजणी ठरवा. वाढीव ताटाचा रेट आधीच लिहून घ्या. लॉनवाला बाहेरचा केटरर येऊ देतो का आणि त्याचे वेगळे पैसे घेतो का, पाण्याच्या बाटल्या रेटमध्ये आहेत का, जनरेटरचं डिझेल कोणाकडे, उरलेलं अन्न कोणाचं. कच्च्या बिलावर जीएसटी वाचते म्हणून सांगणारे भेटतात, आम्हालाही भेटले, पण त्या रात्री आमच्या हातात पक्कं कोटेशन होतं म्हणून बोलता तरी आलं.

आणि ज्यांना गाड्यांत जागा नव्हती त्यांच्यासाठी आठ दिवसांनी गावात चूलबंद आवतन दिलं, म्हणजे पूर्ण घराला जेवण. सहाशेच्या आसपास माणूस जेवला. तांदूळ ६० किलो, डाळ घरच्या तुरीची, वांगे काकाच्या वावरातले, आचारी, किराणा, मंडप धरून सगळं ५८ हजारात झालं. मला आता वाटते हेच आधी ठरवायला पाहिजे होतं, नागपुरात गॅरंटी ३०० ची आणि गावाचं जेवण गावात.

नागपुरात बाबा कोपऱ्यात खुर्ची टाकून ताटं घेणाऱ्यांकडे पाहत बसले होते, जेवले सगळ्यात शेवटी आणि तेही थोडंसंच. गावच्या पंगतीत बुंदीची बादली त्यांनी कोणाच्या हातात दिली नाही. म्हाताऱ्या आजीने द्रोणावर आडवा हात धरला तर तो बाजूला करून वाढत होते, "घे वो माय, पोरीच्या लग्नाचं हाय."