पडालंय की पाडालायस?

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीपलीकडे रान असलेले एक काका भेटले की हमखास विचारतात, "काय रे, सकाळचं ते बारकं विमान नाक खाली करून गरगर येतंय, ते पडालंय की तू पाडालायस?" तुम्हीही बऱ्याच जणांनी विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मीच पाडतो. म्हणजे विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांना पाडायला शिकवतो. इंजिनाला आग लागली, केबिनमध्ये धूर भरला, तर उंची झटपट सोडावी लागते. त्याला इमर्जन्सी डिसेंट म्हणतात. मोठ्या विमानांचं दुखणं वेगळं. 35,000 फुटांवर केबिनचा दाब गेला तर शुद्ध अर्धा-एक मिनिटच टिकते, म्हणून मास्क चढवून 10,000 फुटांकडे धाव.

आमच्या बारक्या सेसना 172 विमानात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दट्ट्या, पूर्ण मागे घ्यायचा, विमान 30 ते 45 अंश कलतं करायचं, की नाक खाली जातं. सरळच दामटलं तर यल्लम्माच्या जत्रेतल्या पाळण्यासारखं पोट तोंडाशी येतं. वळत उतरलं की माणूस सीटला धरून राहतो, आणि खाली दुसरं कुणी नाही ना, तेही दिसतं. काकांना दिसतं ते गरगरणं हेच. वेगाचा काटा मात्र पिवळ्या, म्हणजे जपून राहायच्या, पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही.

आगीचा सराव असेल तर इंधनाच्या लाल नॉबला नुसता हात लावून "बंद" म्हणायचं. एका पोरानं जोशात बोटं वळवून तो धरलाच. मी त्याचा हात वरून दाबून ठेवला. दोघंही काही बोललो नाही.

खाली जायची भीती दोन दिवसांत मोडते. थांबायचं कुठं, हे शिकवताना माझा घसा बसतो. समुद्रकाठी शिकून आलेल्या पोराला उंचीची सुई 4,000 दाखवते म्हणजे अजून पुष्कळ जागा आहे असं वाटतं. अरे, ती उंची समुद्रापासूनची! सांबरा स्वतःच 2,500 फुटांच्या आसपास उंच. खालचा ऊस उरला 1,500 फुटांवर. मिनिटाला 2,000 फूट उतरत असाल तर थांबायच्या उंचीच्या 200 फूट आधीच नाक उचलायला लागा, हा आमचा ठोकताळा.

नाक उचलतात. विमान सरळ होतं, पोरगं खूश. मी बाहेर बघत मनात आकडे मोजतो. वेग 100, 90, 80... इंजिन नुसतं गुरगुरतंय. मग घाबरा आवाज येतो, "सर, इंजिन गेलं काय?"

मागे ओढलेल्या थ्रॉटलवर त्याचाच हात असतो.