असगोर, सॅन्स आणि बहिणीचा बिघडलेला फोटो

माझा लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही, बॅटरी कधीची गेलेली, चार्जर निघाला की बंद. मोठे गेम त्याच्यावर उघडतच नाहीत. म्हणून सेलमध्ये स्वस्तात मिळणारे छोटे इंडी गेम शोधायची सवय लागली आणि त्यातच अंडरटेल हाती लागला. टोबी फॉक्स नावाच्या माणसाने बराचसा एकट्याने बनवलाय, म्युझिकसुद्धा त्याचंच, चित्रांना टेमी चँगची मदत. २०१३ मध्ये त्याने किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून पैसे जमवायच्या साइटवर, ५ हजार डॉलर मागितले होते, जमले ५१ हजारांच्या वर, आणि १५ सप्टेंबर २०१५ ला गेम आला. मी खेळलो त्याच्या बऱ्याच वर्षांनी, अमळनेरला घरी, उन्हाळ्याच्या सुट्टीत. पुढे सगळी स्टोरी उघड होणारे, ज्यांना खेळायचाय त्यांनी आधी खेळून या, खरंच सांगतो.

एक लहान मूल डोंगराच्या पोटात पडतं, तिथे खाली राक्षसांना माणसांनी जादूच्या भिंतीमागे कोंडून ठेवलंय. प्रत्येक फाइटमध्ये चार बटणं, फाइट, ॲक्ट (बोलणं वगैरे), आयटम, मर्सी (दया, त्यातच स्पेअर म्हणजे न मारता सोडून देणं). आपला जीव म्हणजे एक छोटं लाल बदाम, समोरच्याची पाळी आली की त्याला चौकोनात इकडे तिकडे पळवून वाचवायचं. आणि या गेममध्ये कुणालाच मारायची गरज नाही, अगदी एकालाही नाही. हे मी वाचलं होतं पण डोक्यात उतरलं नव्हतं.

पहिली मोठी फाइट टोरियलची. बकरीसारखं तोंड, पण स्वभावाने आईच, हात धरून कोडी पार करून देते, आपल्यासाठी पाय, म्हणजे भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, करून ठेवते. तिला आपल्याला बाहेर जाऊ द्यायचं नाहीये, कारण बाहेर गेलो तर राजा असगोर मारेल. मी तिच्याशी बोलून पाहिलं, काही फरक पडेना, मग म्हंटलं इतर गेमसारखं असेल, आधी एचपी, म्हणजे जीवाचे पॉइंट, कमी करायची आणि मग मर्सी द्यायची. आजी शेजारीच बिबड्यांसाठी ज्वारी निवडत बसलेली. माझी एचपी अगदी संपत आली तेव्हा टोरियलच्या ज्वाळा माझ्या बदामाला वळसा घालून जायला लागल्या, मला वाटलं नशीब चांगलंय, आजीच म्हणाली, "ती बाई तुले मारी नही ऱ्हायनी, मंग तू कसाले मारस तिले?" मी हो हो म्हणत अजून एकदा फाइट दाबलं आणि त्या एका वारात तिची उरलेली सगळी एचपी गेली. मेली.

मी लगेच जुना सेव्ह लोड केला. या वेळी काहीच केलं नाही, नुसतं स्पेअर, स्पेअर, स्पेअर, वीसेक वेळा तरी दाबलं असेल, मग तिने वाट सोडली. मला वाटलं झालं, भरपाई झाली. पुढच्याच खोलीत फ्लावी नावाचं फूल उभं असतं आणि ते सरळ म्हणतं की तू तिला मारलं होतंस, मग पस्तावा झाला म्हणून मागे आलास, मला माहितीये. अंगावर काटा आला, कारण सेव्ह लोड केला की आधीचं पुसलं जातं हे मी लहानपणापासून धरून चाललेलो. या गेमला ते मान्य नाही.

पपायरस नावाचा सांगाडा सोपा गेला. मफेट नावाच्या कोळीणीच्या फाइटमध्ये सुरुवातीच्या रुइन्स नावाच्या भागात ७ जीला (जी म्हणजे गेममधले पैसे) घेतलेला स्पायडर डोनट कामाला आला, तो तिच्यासमोर खाल्ला की ती लढायचंच थांबवते. भाला घेऊन मागे लागणाऱ्या अंडाइनचं मात्र सांगायलाच पाहिजे. ती आपला बदाम हिरवा करते, मग हलताच येत नाही, फक्त चारी बाजूंनी येणारे भाले ढालीने अडवायचे, आणि पिवळे भाले ऐनवेळी उलट्या बाजूने येतात. तिला मर्सी चालत नाही, बदाम परत लाल झाला की पळायचं, ती मागे लागणार, परत पकडणार, परत पळायचं, असं करत करत आपण हॉटलँडमध्ये पोचतो, तिथे सगळीकडे लाव्हा, आणि ती लोखंडी चिलखतात उष्णतेने कोसळते. बाजूलाच पाण्याचा कूलर आहे. आमच्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री असतं, दारात पोस्टमन आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात, मी पेला भरला आणि तिच्यावर ओतला, विचारसुद्धा केला नाही. ती उठते, बघते, काही न बोलता निघून जाते. पंधरा वेळा मला मारलेली बाई, पण ते पाणी ओतल्यावर मला जे बरं वाटलं ते फाइट जिंकून वाटलं नसतं.

मग असगोर. त्याच्या आधी एक लांब सोनेरी कॉरिडॉर येतो, तिथे सॅन्स उभा असतो, पपायरसचा भाऊ, एरवी आळशी आणि विनोदी. तो सांगतो की इतका वेळ तू ज्याला लव्ह समजत होतास ते म्हणजे लेव्हल ऑफ व्हायलन्स, आणि ईएक्सपी म्हणजे एक्झिक्युशन पॉइंट्स. माझी लेव्हल थोडी वाढलेली होती, रस्त्यात दोनचार जणांना मारलेलं, कंटाळा आला म्हणून.

असगोर स्वतः पिवळ्या फुलांना पाणी घालत असतो. त्याला लढायचं नसतं, तो उशीर करत राहतो, तुझी तयारी झाली का विचारतो. फाइट सुरू झाली की पहिली गोष्ट तो काय करतो, तर त्रिशूळाने मर्सीचं बटणच फोडून टाकतो. स्क्रीनवर बटणाचे तुकडे. मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. सबंध गेम त्या बटणावर आलो होतो.

लढायला अवघड आहे तो, आगीच्या लाटा, गोळे, आणि त्रिशूळ फिरवायच्या आधी डोळे चमकतात, निळा चमकला तर हलायचं नाही, केशरी चमकला तर थांबायचं नाही, आणि तो क्रम लक्षात ठेवून तसंच करायचं, निळा केशरी केशरी निळा. मी तोंडाने बोलत खेळायचो, थांब, हल, हल, थांब. ॲक्टमध्ये टॉक आहे. मला लढायचं नाही असं सांगितलं की क्षणभर त्याचे हात थरथरतात. परत सांगितलं की श्वास बिघडतो. त्याने मला आधी मारलंय असं सांगितलं की तो दुःखाने होकाराची मान हलवतो. म्हणजे त्यालाही माहितीये! एकदा त्याची एचपी संपत आलेली आणि लाइट गेली, लॅपटॉप बंद, सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी परत बसलो, एचपी ५ वर आली, खायला बाकी काही उरलं नाही म्हणून टोरियलने दिलेला पाय खाल्ला जो मी सुरुवातीपासून जपून ठेवला होता, आणि त्या वासाने असगोरला काहीतरी आठवलं, त्याचा ॲटॅक आणि डिफेन्स दोन्ही उतरले. ती दोघं नवरा-बायको होती हो. त्यांची मुलं गेली, त्यानंतर त्याने माणसांवर युद्ध जाहीर केलं आणि ती त्याला सोडून निघून गेली. हे सगळं एका पायच्या वासात! मला कुठल्याही गेममधली दुसरी फाइट सांगा जिच्यात जेवणाचा पदार्थ असं काही करतो.

असगोर हरला आणि फ्लावीने मध्येच येऊन असगोरकडचे माणसांचे सहा आत्मे पळवले आणि गेम धाडकन बंद. मला वाटलं परत लाइट गेली, वर बघितलं तर पंखा फिरतोय आणि समोर डेस्कटॉप. गेमनेच स्वतःला बंद केलेलं. परत उघडला तर माझ्या सेव्हच्या जागी फ्लावीचं नाव. त्या फाइटमध्ये मेलो की तो हसतो आणि गेम परत बंद, असं नऊ वेळा झालं. तिथे उपाय एकच, आत अडकलेल्या आत्म्यांना ॲक्टने हाक मारायची, मग त्यांचेच वार हिरवे होऊन आपल्याला बरं करतात.

त्यानंतर कुणालाच न मारता दुसऱ्यांदा खेळलो, खरा शेवट बघितला, सगळे सूर्यप्रकाशात बाहेर येतात. तिथेच थांबायला पाहिजे होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या माहेरी आली, सोबत आतेभाऊ. अंगणात झोका बांधलेला, घरात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, आणि आम्ही दोघं लॅपटॉपसमोर. त्याने सॅन्सचे व्हिडिओ बघितलेले. म्हणाला, "भो, सॅन्स नही खेळा म्हंजे काय खेळा तू?" सॅन्सशी लढायचं तर सगळ्यांना मारावं लागतं, रुइन्समध्ये २०, स्नोडिनमध्ये १६, वॉटरफॉलमध्ये १८, हॉटलँड आणि कोर मिळून ४०, बॉस वेगळे. म्युझिक मंद होतं, गावं रिकामी होतात. पपायरस मिठीसाठी हात पसरून उभा राहतो आणि एका वारात जातो. अंडाइन एका पोराला वाचवायला माझ्या वारासमोर आली, वितळायला लागली आणि जिद्दीवर परत उभी राहिली, त्या अंडाइनला मला चार दिवस लागले, आणि खरं सांगतो, त्या चार दिवसांत मला तीच जिंकावी असं वाटायचं.

सॅन्सची एचपी १ आहे. एक. पण तो तुमचा वार लागू देत नाही, बाजूला सरकतो, आणि पहिला हल्ला तुमच्या पाळीची वाट न बघता करतो. त्याच्या हाडाला नुसता स्पर्श झाला तरी प्रत्येक फ्रेमला एचपी जाते आणि वर विष चढतं. मेल्यावर परत आलात की चेहऱ्यावरून ओळखून सांगतो कितव्यांदा मेलायस ते. मध्येच तो थांबतो, म्हणतो सोडून दे, आपण मित्र होतो ना. पहिल्यांदा मी मर्सी दाबलं, मनापासून दाबलं, आणि त्याने तिथेच मारलं, कारण त्याला माहितीये की असा माणूस परत येणार. मी परत आलो. वहीत रेघा मारत होतो, ६३ झाल्या. रात्री सगळे गच्चीवर झोपायला गेले की मी खाली. शेवटी तो म्हणतो आता माझा खास हल्ला, आणि तो हल्ला म्हणजे काहीच नाही, तो आपली पाळीच येऊ देत नाही, कायमचं असंच उभं राहायचं ठरवतो. मग थकून त्याला झोप लागते. मी बदामाने चौकोन ढकलत ढकलत फाइटच्या बटणापर्यंत नेला. पहिला वार त्याने चुकवला, दुसरा लागला.

आतेभाऊ ओरडला. मी नाही.

मग जग पुसलं जातं, गेम उघडला की नुसता काळा स्क्रीन आणि वारा, १० मिनिटं थांबलं की एक आवाज तुमचा आत्मा मागतो आणि बदल्यात सगळं परत देतो. मी दिला. काय फरक पडतो, आहे तर गेमच.

दिवाळीत लहान बहिणीने तोच लॅपटॉप घेतला. ती आठवीत आहे, माझं बघून बघून तिला खेळायचं होतं. तिने एकालाही मारलं नाही, टोरियलला पहिल्याच वेळी सोडलं, अंडाइनला पाणी दिलं, महिनाभर शाळेतून आली की हेच. शेवटी सगळे सुटले, टोरियलने विचारलं कुठे जाणार, बहिणीने मला फिरायचंय असं निवडलं आणि शेवटचा फोटो आला. तिने मला हाक मारली, "भाऊ, हा फोटो असा का आहे? सगळ्यांच्या तोंडावर फुल्या का मारल्यात? मी तर काहीच नाही केलं."

तिने खरंच काही केलं नव्हतं, मी केलं होतं, आखाजीला. तिला सगळं सांगितलं, सॅन्सचं, पपायरसचं, आत्मा दिल्याचंसुद्धा. ती चिडली नाही, फक्त विचारलं, "पपायरसला पण?"

त्या रात्री शोधत बसलो, गेमच्या फोल्डरमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन नावाच्या दोन फाइल सापडल्या, शेवटी ९६२ आणि ९६३, त्यातच माझं केलेलं लिहून ठेवलेलं असतं. दोन्ही उडवल्या, तिला म्हंटलं आता परत खेळ, आता नीट होईल. तिला नववीला जायच्या आधी संपवायचाय. आज संध्याकाळी ती परत टोरियलपाशी आलीये, आजी शेजारी बसलीये, आणि ती न थांबता स्पेअर दाबतेय.