थिओफायलीनचा ठसा घेताना

थिओफायलीन हे दम्याचं जुनं औषध. रक्तात मिलीलिटरमागे 10 ते 20 मायक्रोग्रॅम असेल तर गुण येतो; त्याच्या बरंच वर गेलं तर ठोके बिघडतात, झटके येतात. ते मोजणारा सेन्सर करायचा, तोही प्रतिपिंडांऐवजी रेणूचा ठसा घेतलेल्या पॉलिमरने, हे माझं पीएचडीचं काम. रेणूभोवती पॉलिमर घट्ट होऊ द्यायचा आणि मग रेणू काढून घ्यायचा; मागे त्याच्या आकाराची, त्याला धरणारी पोकळी उरते, तोच ठसा. स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ क्लाउस मोसबाख यांच्या गटाने 1993 मध्ये असा ठसा घेतला होता, आणि तो कॅफीनला जवळजवळ थाराच देत नव्हता. दोन रेणूंत फरक एका मिथाइलचा, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढ्या गटाचा! त्या एका गोष्टीने मला या विषयात ओढलं.

माझी कृती अशी: 180 मिलिग्रॅम थिओफायलीन, त्याला हायड्रोजन बंधांनी धरणारं 0.34 मिलीलिटर मेथाक्रिलिक आम्ल, साखळ्या एकमेकींना जोडणारं 3.8 मिलीलिटर इथिलीन ग्लायकॉल डायमेथाक्रिलेट, अभिक्रिया सुरू करणारं थोडं एआयबीएन आणि द्रावक म्हणून क्लोरोफॉर्म. पहिली बाटली घट्ट झालीच नाही. नायट्रोजन नीट सोडला नव्हता आणि ऑक्सिजनने पॉलिमरची साखळी वाढवणारी मुक्तमूलकं गिळली. दुसऱ्या खेपेला 60 अंशांवर रात्रभर ठेवल्यावर पांढरा, दगडासारखा गोळा मिळाला. तो खलात कुटून चाळला.

खरा कस लागला तो धुण्यात. ठशातलं थिओफायलीन बाहेर काढल्याशिवाय पोकळी रिकामी होत नाही. त्यासाठी सॉक्सलेटमध्ये, म्हणजे द्रावक उकळून पुन्हा पुन्हा पावडरीवरून फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात, नऊ भाग मिथेनॉल, एक भाग अ‍ॅसिटिक आम्ल. हे आम्ल हायड्रोजन बंध सोडवतं. एका दिवसाने मी थांबले, पावडर कार्बन पेस्टमध्ये मळून इलेक्ट्रोड भरला. तर कोऱ्या बफरमध्येही, म्हणजे थिओफायलीन नसलेल्या, ठरावीक आम्लतेच्या द्रावणातही, आलेखात थिओफायलीनचं शिखर! आत अडकलेला साचा, म्हणजे थिओफायलीनच, झिरपत होता. मग तीन दिवस धुतलं, रोज द्रावक बदलून, थिओफायलीन जो अतिनील प्रकाश शोषतं त्या 272 नॅनोमीटरवर धुवण तपासत. शेवटी नुसतं मिथेनॉल, कारण राहिलेलं अ‍ॅसिटिक आम्लही त्याच जागा अडवून बसतं.

इलेक्ट्रोड चालला तेव्हा मी धावत माझ्या मार्गदर्शक मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि बिनठशाचा?" तो मी केलाच नव्हता. त्याच कृतीने, फक्त थिओफायलीन न घालता केला, तसाच धुतला. त्यानेही थिओफायलीन धरलं, कमी, पण धरलं. मेथाक्रिलिकचे आम्लगट त्यातही आहेतच. तेव्हापासून प्रत्येक खेपेला दोन बाटल्या शेजारी ठेवते आणि दोन्हींतल्या फरकालाच ठसा म्हणते.

क्लोरोफॉर्ममध्ये तो फरक ठळक दिसतो. पाण्याच्या बफरमध्ये पाणीच हायड्रोजन बंधांसाठी झगडतं आणि फरक आटतो. रक्त तर पाणीच. सध्या या दोन आलेखांतली ती उरलेली फट वाढवण्यावर काम चालू आहे.