उतुआदोला निघालेला पेशंट

न्यू यॉर्कमध्ये म्हातारपणी किंवा अपंगत्वामुळे ज्याच्यापाशी मिळकत उरत नाही, त्याला केंद्र सरकारकडून दरमहा काही रक्कम मिळते. एसएसआय म्हणतात तिला. २०२२ साली एकट्या माणसाला जास्तीत जास्त ८४१ डॉलर मिळत, आणि एकटं राहणाऱ्याला न्यू यॉर्क राज्य वर ८७ डॉलर देई. ही रक्कम घेणारा माणूस सलग ३० दिवस अमेरिकेबाहेर राहिला की ती बंद होते. पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं, अमेरिकेच्या ताब्यातलं पण राज्य नसलेलं बेट, आणि या कायद्यापुरतं ते अमेरिकेबाहेर धरलं जातं. तिथे जन्मलेलं मूल जन्मतःच अमेरिकन नागरिक असतं, तिथलं टपाल अमेरिकेचं, चलन डॉलर, न्यू यॉर्कहून विमानाने चार तासांत पोचता येतं आणि पासपोर्टही लागत नाही. तरीही.

मी न्यू यॉर्क शहराच्या ब्रॉंक्स भागातल्या एका हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर आहे. पेशंट बरा झाला की तो जाणार कुठे, त्याच्याकडे कोण बघणार, खर्च कुठून निघणार, हे जुळवायचं काम माझं. ब्रॉंक्समध्ये हे काम करताना पोर्तो रिकोची माणसं रोज भेटतात, त्यामुळे ३० दिवसांचा नियम मला तोंडपाठ होता. पण २१ एप्रिल २०२२ या दिवशी तो मला एका म्हाताऱ्या माणसाला समोर बसून सांगावा लागला, आणि त्याच सकाळी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. (ओळख पटू नये म्हणून पेशंटचे काही तपशील बदलले आहेत.)

पेशंट ऐंशीच्या घरातले. त्यांच्याकडे वडीलधाऱ्याच्या नावाआधी आदराने 'दॉन' लावतात. वॉर्डात सगळे त्यांना नुसतं दॉनच म्हणायचे, मीही तेच म्हणते. विशीत असताना ते पोर्तो रिकोच्या मध्यभागातल्या डोंगराळ उतुआदो गावातून न्यू यॉर्कला आले. आधी हॉटेलांच्या मोऱ्यांत भांडी घासली, मग हंट्स पॉइंटच्या घाऊक बाजारात भाजीची खोकी उचलली. पगार बहुतेक रोख, कागदावर नोंद नाही. पेन्शनला लागतात तेवढ्या कामाच्या नोंदलेल्या तिमाह्या त्यामुळे कधी भरल्याच नाहीत, आणि उतारवयात हाती उरलं ते एसएसआय. चौथ्या मजल्यावर एक खोली, इमारतीला लिफ्ट नाही. जिन्यातच पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून चालत होते, पण चार मजले चढणं या जन्मी शक्य नव्हतं. तळमजल्यावरच्या स्वस्त घरांसाठी इथे वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असते.

म्हणजे दोनच वाटा. एक, ब्रॉंक्समधलं नर्सिंग होम. दुसरी, उतुआदोत बहिणीचं घर. बहीण विधवा, घर बैठं, शेजारी तिचा मुलगा आणि सून. बहीण फोनवर मला म्हणाली होती, "खोली रंगवून ठेवलीय, पाठवा त्याला."

त्यांची भाची त्यांचं पुढचं ठरवायच्या मीटिंगसाठी फ्लोरिडातल्या ऑर्लॅंडोहून आली होती. २०१७च्या मारिया चक्रीवादळानंतर तिने उतुआदो सोडलं. कित्येक महिने वीज नव्हती, पूल वाहून गेले होते. वाएयो मादेरो खटल्याकडे तीच डोळे लावून बसली होती. होसे लुइस वाएयो मादेरो हे न्यू यॉर्कमध्ये एसएसआय घेणारे गृहस्थ २०१३ साली पोर्तो रिकोतल्या लोइसा गावी राहायला गेले. रक्कम खात्यात येत राहिली. पुढे सरकारच्या ते लक्षात आलं आणि सरकारने २८,०८१ डॉलर परत मिळावेत म्हणून त्यांच्यावर दावा लावला. खालची दोन्ही न्यायालयं वाएयो मादेरोंच्या बाजूने गेली होती. भाचीचं म्हणणं, निकाल लागू द्या, मग मामाला नेऊ.

सकाळी दहाच्या सुमारास निकाल आला. आठ विरुद्ध एक, सरकारच्या बाजूने. मी डेस्कवर बसून वाचायला घेतलं. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांचं. मुख्य मुद्दा असा की पोर्तो रिकोचे रहिवासी केंद्राचे बहुतेक आयकर भरत नाहीत, म्हणून काही लाभांतून त्यांना वगळणं संसदेला मोकळं आहे. एकट्या सोनिया सोटोमायोर विरोधात होत्या. त्या आमच्या ब्रॉंक्सच्या, आईवडील पोर्तो रिकोचे. त्यांचं म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं. एसएसआय घेणारा माणूस इतका गरीब असतो की तो कुठल्याच राज्यात आयकर भरत नाही. शिवाय पॅसिफिक महासागरातली नॉर्दर्न मारियाना बेटं हीसुद्धा अमेरिकेची, तीही राज्य नाहीत, तिथलेही बहुतेक रहिवासी केंद्राला आयकर देत नाहीत, पण १९७६च्या करारामुळे तिथे एसएसआय मिळतं. मग पोर्तो रिकोने काय घोडं मारलंय? सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्यविमा) यांचे कर तर तिथल्या पगारातून न्यू यॉर्कसारखेच कापले जातात.

बहुमतात असलेले न्यायमूर्ती गोर्सच यांनीही स्वतंत्रपणे लिहिलं की १९०१ पासूनच्या ज्या निकालांना 'इन्सुलर केसेस' म्हणतात, ते चुकीच्या पायावर उभे आहेत आणि रद्द व्हायला हवेत. स्पेनकडून १८९८ साली घेतलेल्या बेटांवर राज्यघटना पूर्णपणे लागू होत नाही, असं त्या निकालांनी ठरवलं, आणि त्यामागे तिथल्या लोकांच्या वंशाबद्दलचा तिरस्कार उघड दिसतो. सोटोमायोर आणि गोर्सच हे दोन टोकांचे न्यायमूर्ती एवढ्यावर एकमत आहेत आणि तरी माझ्या पेशंटचा चेक बंद होणार, हे वाचून मी खूप अस्वस्थ झाले.

अकरा वाजता मीटिंग. दॉन, भाची, फिजिओथेरपिस्ट, मी आणि फोनवर स्पॅनिश दुभाषी. माझं स्पॅनिश कामचलाऊ आहे, पण पैशांचं आणि कायद्याचं बोलणं मी दुभाष्याशिवाय करत नाही. मी सरळ सांगितलं: उतुआदोला गेलात तर ३० दिवसांनी एसएसआय बंद. त्याऐवजी तिथली एक वेगळी योजना आहे, तिच्यातून बहुतेकांना महिन्याला १०० डॉलरच्या आतच मिळतात. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्ययोजना, हेही तिथे नव्याने काढावं लागेल, आणि त्यासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशाला तिथे कमाल मर्यादा आहे. अन्नधान्याची मदत हीसुद्धा वेगळी, ठरावीक अनुदानातून.

दॉन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, नर्सिंग होममध्ये गेलो तर?

तिथे गेलात तर तुमचा खर्च मेडिकेड करेल, मी म्हटलं. तुमच्या हातखर्चाला केंद्राचे ३० डॉलर आणि राज्याचे थोडे. आणि सरकार नर्सिंग होमला किती देणार? महिन्याला १०,००० डॉलरच्या आसपास. त्यांनी दुभाष्याला तो आकडा पुन्हा सांगायला लावला. मग भाचीकडे वळून म्हणाले, "परक्यांनी मला ठेवून घ्यावं म्हणून सरकार दहा हजार देतं, आणि माझ्या बहिणीने ठेवलं तर आठशेसुद्धा नाहीत."

खोलीत कुणालाच उत्तर सुचलं नाही. मला तर नाहीच, कारण उत्तर माझ्या फाइलमध्ये नव्हतं, वॉशिंग्टनमध्ये होतं. एसएसआयचा कायदा १९७२ साली झाला तेव्हा पोर्तो रिको त्यातून वगळलं गेलं. पोर्तो रिकोची वस्ती आज ३२ लाखांच्या आसपास, वीसेक राज्यांपैकी प्रत्येकाच्या वस्तीपेक्षा अधिकच भरेल. पण सिनेटमध्ये त्यांचा एकही माणूस नाही. प्रतिनिधीगृहात एक आहे, त्याला 'रेसिडेंट कमिशनर' म्हणतात, तो भाषण करू शकतो पण कायद्याच्या अंतिम मतदानात त्याचं मत धरत नाहीत. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तिथे मत नाही. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी २०२१ साली संसदेला सांगितलं होतं की एसएसआय पोर्तो रिकोला लागू करा, आणि त्याच वेळी त्यांचंच न्याय खातं न्यायालयात वगळणुकीची बाजू लढवत होतं. ज्यांच्या मतावर कुणाची खुर्ची अवलंबून नाही, त्यांच्यासाठी घाई कोण करणार?

भाची चिडून म्हणाली, "म्हणून आम्हाला अमेरिकेचं पूर्ण राज्य व्हायचंय, मामा. मी ऑर्लॅंडोला गेले आणि काही महिन्यांत फ्लोरिडाची मतदार झाले. मी तीच बाई आहे ना? मग उतुआदोत मला मत का नव्हतं?"

दॉन राज्याच्या बाजूचे मुळीच नव्हते, हे मला तिथे कळलं. १९५०च्या ऑक्टोबरात स्वातंत्र्यवाद्यांनी उठाव केला तेव्हा ते शाळकरी पोर होते. हायुया आणि उतुआदोवर विमानांतून हल्ला झाला. ती विमानं त्यांनी पाहिलेली. स्वतःच्या बेटाचा झेंडा घरात ठेवणंसुद्धा तेव्हा गुन्हा होता. १९४८चा तो कायदा १९५७ पर्यंत टिकला. "ज्यांनी माझ्या गावावर विमानं पाठवली त्यांचं राज्य मी होऊ?" एवढं बोलून ते थांबले. मामा-भाचीचा हा वाद जुना असणार, दोघांनी एकमेकांचा हात मात्र सोडला नाही.

मी कामाच्या जागी राजकारण बोलत नाही, तिथेही बोलले नाही. इथे बोलते. दॉनच्या आठवणीपुढे मी मान झुकवते, आणि तरीही माझं मत भाचीच्या बाजूचं आहे. पूर्ण राज्य, दोन सिनेटर, लोकसंख्येइतके प्रतिनिधी, राष्ट्राध्यक्षासाठी मत. स्वातंत्र्य हाही सन्मानाचा मार्ग आहे, बहुमत तिकडे गेलं तर तो द्यावाच लागेल. पण १९१७ साली नागरिकत्व देऊन, त्या नागरिकांना सैन्यात भरती करून, मतापासून शंभर वर्षांहून अधिक काळ दूर ठेवणं, हे कुठल्याच बाजूने समर्थनीय नाही. मी अमेरिकेची नागरिक झालेली बाई आहे. उद्या सगळं आवरून कायमची गोव्यातल्या डिचोलीला परतले, तरी न्यू यॉर्कच्या शेवटच्या पत्त्यावरून मी राष्ट्राध्यक्षासाठी टपाली मत देऊ शकते. तेच मी पोर्तो रिकोत, पोन्स शहरात किंवा उतुआदोला, राहायला गेले तर मत जातं. गोव्यातून अमेरिकेचं मत देता येतं आणि अमेरिकेच्याच भूमीवरून नाही, हे मी किती जणांना समजावलं आहे, आणि दर वेळी समोरच्याला मीच काहीतरी चुकीचं सांगते आहे असं वाटतं.

डिचोलीचा विषय निघालाच आहे तर सांगते, हा प्रश्न मला इतका जवळचा का वाटतो. पोर्तुगालने १९५१ साली आपल्या वसाहतींना 'सागरपारचे प्रांत' असं नाव दिलं आणि गोवा कागदोपत्री पोर्तुगालचा भाग झाला. गोवेकराच्या हाती सत्ता काही आली नाही. पोर्तो रिकोलाही १९५२ साली स्वतःची घटना आणि नवं नाव मिळालं, अंतिम अधिकार वॉशिंग्टनकडेच राहिला. २०१६ साली कर्जापायी संसदेने त्यांच्या निवडून आलेल्या सरकारच्या डोक्यावर एक वित्तीय मंडळ बसवलं तेव्हा ते उघड दिसलं. मुक्तीनंतर गोवा मात्र केंद्रशासित असतानाही, १९६३च्या निवडणुकीपासून, दोन खासदार लोकसभेत पाठवत होता आणि त्यांचं मत इतरांइतकंच धरलं जाई. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात आमच्या घरची मतं फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने पडली. दोन पानं, म्हणजे वेगळं राहण्याची बाजू, जिंकली, सुमारे ३४,००० मतांनी. आजोबांना ते लागलं, पण कौल संसदेच्या कायद्याने घेतला होता आणि तो पाळला गेला. १९८७ साली गोवा राज्य झालं. पोर्तो रिकोने १९६७ पासून सात वेळा कौल दिला आणि एकदाही वॉशिंग्टनवर तो बंधनकारक नव्हता.

दॉननी त्याच मीटिंगमध्ये निर्णय सांगितला. उतुआदो. भाचीने दर महिन्याला काही पैसे पाठवायचं कबूल केलं, बहिणीच्या मुलाने बाथरूमला कठडे बसवले. मी तिथल्या कार्यालयात अर्ज, औषधांची महिन्याभराची सोय, गावातल्या दवाखान्याची वेळ, एवढं करून दिलं. विमानतळापर्यंत व्हीलचेअरची व्यवस्था झाली आणि ते गेले.

त्याच वर्षी १५ डिसेंबरला पोर्तो रिकोला बंधनकारक कौल देणारं विधेयक प्रतिनिधीगृहात २३३ विरुद्ध १९१ मतांनी मंजूर झालं. सिनेटने ते विचारातच घेतलं नाही. ५ नोव्हेंबर २०२४ला बेटावर पुन्हा कौल झाला, ५८ टक्क्यांहून अधिक मतं राज्याच्या बाजूने पडली. भाचीने मला फोन केला: मामा वॉकर घेऊन मतदानाला गेला, आणि अर्थातच स्वातंत्र्याला मत देऊन आला. तिने स्वतः त्याच दिवशी फ्लोरिडात राष्ट्राध्यक्षासाठी मत दिलं होतं.

माझे प्रतिनिधी आणि न्यू यॉर्कचे दोन्ही सिनेटर यांना मी एसएसआयबद्दल आणि राज्याच्या प्रश्नाबद्दल पत्रं लिहीत असते. छापील का होईना, उत्तर येतं. ब्रॉंक्समधल्या पोर्तो रिकन कुटुंबांनाही मी हेच सांगते, की बेटावरच्या तुमच्या माणसांना सिनेटर नाही, तुम्हाला दोन आहेत, लिहा. आणि जो कुणी पेशंट परत जायचं म्हणतो, त्याने तिकीट काढण्याआधी मला भेटावं, असं वॉर्डातल्या नर्सेसना सांगून ठेवलं आहे.