बाबा, नॅरोबोट आणि सात लॉक

बाबांची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं निरा डाव्या कालव्यावर, म्हणून मार्चच्या शेवटी ते आमच्याकडे मिल्टन कीन्सला आले तेव्हा लंडन वगैरे नंतर, आधी कालवा दाखवायचा असं मी ठरवूनच टाकलं होतं. ऑफिसमधला एक मित्र नॅरोबोटवरच, म्हणजे कालव्यातल्या लांबट अरुंद बोटीवरच राहतो, त्याला त्या शनिवारी बोट गेटनहून कॉसग्रोव्हला आणायची होती, तो म्हणाला या सगळे, लॉकला, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या ज्या हौदात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात तिथे, तेवढेच हात मिळतील.

सकाळी थंडी मरणाची, पण ऊन छान पडलेलं. काठाने ब्लॅकथॉर्नच्या काळ्या फांद्यांवर पानं यायच्या आधीच पांढरी फुलं आलेली, पलीकडच्या शेतात मेंढ्यांची पिल्लं. बोट 57 फूट लांब आणि रुंदीला सात फुटांपेक्षा जरा कमी, स्पीड लिमिट ताशी 4 मैल, बांधलेल्या बोटी दिसल्या की त्याहून हळू. बाबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे पाणी कुणाच्या शेताला जातं गं?" कुणाच्याच नाही बाबा, बोटींसाठीच खणलाय, असं सांगितल्यावर ते बराच वेळ काठाकडे बघत बसले.

मग ब्लिसवर्थचा बोगदा. 1805 मध्ये सुरू झालेला, पावणेदोन मैलांचा, आणि आत चालायला काठच नाही. त्यामुळे जुन्या काळी बोट ओढणारा घोडा सोडून डोंगरावरून पलीकडे न्यायचे आणि माणसं फळीवर आडवी पडून भिंतीला पाय लावत लावत बोट ढकलायची. आम्ही इंजिनवर होतो तरी अर्धा तास लागला, हवेच्या झरोक्यांखाली गार पाणी थेट मानेवर पडतं, आणि समोरून दुसऱ्या बोटीचा दिवा आला तेव्हा मी खरंच श्वास रोखून धरला होता.

बाहेर पडलं की स्टोक ब्रूअर्न आणि तिथून खाली उतरणारे सात लॉक. माझ्यासाठी खरा दिवस इथे सुरू झाला. हे लॉक 14 फुटी, म्हणजे दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. दरवाजे उघडेच होते, आम्ही सरळ आत जाऊ शकलो असतो, पण मित्र म्हणाला मागून कुणी येतंय का बघूया, एका बोटीसाठी अख्खं लॉक रिकामं करायचं म्हणजे दोन लाख लिटरच्या वर पाणी खाली सोडायचं. बाबा एकदम उठून उभेच राहिले. "बरोबर आहे, एका पाळीत दोघांचं भागतंय तर कशाला दोनदा सोडायचं!" दहा मिनिटांनी एक आजी-आजोबा त्यांची बोट घेऊन आले आणि मग सातही लॉक आम्ही जोडीनेच उतरलो.

लॉकच्या झडपा उघडायची चावी फिरवायचं काम बाबांनी कुणालाच दिलं नाही. दातेरी पट्टी खटखट करत वर येते, खाली झडप उघडते, पाणी घुसळत बाहेर पडतं, आणि दोन्ही बोटी ओल्या हिरव्या भिंतींच्या मधून हळूहळू खाली. मित्र सुकाणूवर, डोळे मागच्या पांढऱ्या खुणेवर, कारण बोट मागे सरकून वरच्या दरवाज्याखालच्या उंबऱ्यावर अडकली तर तिचं मागचं टोक वरच राहतं आणि पुढचं बुडतं. पाणी दोन्हीकडे सारखं झाल्याशिवाय दरवाजा हलत नाही, टीचभर फरक असला तरी नाही. बाबा दरवाजा ढकलायच्या लाकडी तुळईला पाठ लावून उभे राहायचे आणि ती जराशी सैल झालेली त्यांना आमच्या आधी कळायची, "आता ढकला" म्हणायचे. प्रत्येक लॉकवरून निघताना झडपा पूर्ण खाली गेल्यात ना ते परत जाऊन बघून यायचे, म्हणाले, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी कमी पडायचं ते बहुतेक वेळा अशा अर्धवट बंद दरवाज्यांमुळेच.

पुढे कॉसग्रोव्हपर्यंत सहाएक मैल लॉक नाही, चहा झाला, पोहे झाले, थोडा वेळ बाबांनीही सुकाणू धरलं. ते ढकलायचं उलट्या बाजूला, त्याची सवय व्हायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत त्यांना. बोट बांधेपर्यंत अंधारून आलं.

कॉसग्रोव्हच्या पुढे ग्रेट ऊझ नदीवरून हाच कालवा लोखंडी जलसेतूवरून जातो, 1811 चा. मी बोलता बोलता सांगितलं आणि आता रात्रीचे दहा वाजलेत, बाबांनी बूट पुसून दाराशी ठेवलेत, सकाळी नाश्त्याच्या आधीच निघायचंय म्हणे.